धुळ्याहून आलेला पुरावा

केळीचे वेफर्स तळल्याचा वास आला की पिंप्राळ्यातले आमचे शेजारी नाना आठवतात. वेफर्सच्या धंद्यासाठी त्यांनी कर्ज मागितलं, तर क्रेडिट रिपोर्टात ते दिवाळखोर निघाले. खरं दिवाळं त्याच नावाच्या, धुळ्यातल्या एका माणसाचं होतं. ऑनलाइन तक्रारींना उत्तर येईना, तेव्हा मी नानांसोबत बँकेत गेलो. भर मे महिन्यात टाय लावलेल्या साहेबांनी विचारलं, "पुरावा?" नाना म्हणाले, "सोबत आणलाय." मागून इस्त्रीच्या सदऱ्यातला एक गृहस्थ पुढे आला. "साहेब, दिवाळखोर मी शे. ह्या भाऊनं नाव काढी टाका." साहेबांनी ते लेखी मागितलं, त्याने तेही दिलं. महिन्याभराने नानांचं नाव सुटलं. पत असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याच्या अब्रूसाठी पदरचं भाडं खर्चून आपलं दिवाळं सांगायला आलेला तो एकच.