रेघेबाहेरची हाक

...नाही गं, "भूत" लिहू नकोस. तुझ्या काकाला तो शब्द खपत नाही. तू आपलं आजी सांगते तसं लिही, डावीकडून हाक आली. आलीच होती ना!

तर भिंगरी, म्हणजे तुझा काकाच गं, पायाला भिंगरी म्हणून नावच पडलं ते, फुटबॉलच्या मोठ्या क्लबात डावीकडून पळायला लागला. करार एका हंगामाचा. चांगला खेळला तर वाढणार, नाहीतर बोचकं उचला आणि घरी या.

पहिल्याच सरावाला बॉल घेऊन रेघेच्या कडेने सुसाट निघाला, तर डाव्या कानाशी कोणीतरी धापा टाकत म्हणालं, "दे!" त्यांच्यात हाक आली की मान वळवून बघत बसत नाहीत, बॉल सोडतात. मागचा बॅक बाहेरून पळत पुढे येतो ना, त्याचीच ती हाक असते. याने सोडला. बॉल रेघेबाहेर.

कोच कमरेवर हात ठेवून उभा. "कोणाला दिलास रे? सासऱ्याला?"

सगळे फिदीफिदी हसले. बॅक तेवढा हसला नाही. तो पार मागे उभा होता. "आईशप्पथ, मी तोंडसुद्धा उघडलं नाही," म्हणाला.

पुढे सामन्यात तेच. बॉल फुकट बाहेर, आणि समोरच्यांनी तिथूनच गोल चढवला. कोचने याला बाजूला घेतलं. "आणखी एकदा असं झालं, तर कराराचं विसर."

भिंगरीने डाव्या कानात कापूस कोंबला. झालं काय, खऱ्या बॅकची हाक ऐकू येईना, आणि ती दुसरी मात्र कापसाच्या आतूनच आल्यासारखी स्वच्छ.

शेवटी गेला मैदान राखणाऱ्या म्हाताऱ्याकडे. तो फक्कीची गाडी ढकलत रेघ मारत होता.

"बाबा, या बाजूला माझ्याबरोबर कोण पळतं?"

म्हाताऱ्याने गाडी थांबवली. पांढऱ्या रेघेच्या बाहेर गवतात एक पिवळट पट्टा होता, तो दाखवला. "ही जुनी रेघ. स्टँड बांधला तेव्हा मैदान आत घेतलं. इथलं गवत जळलंय, अजून धरत नाही. त्याच वर्षी डावीकडच्या पोराचा करार वाढवला नाही. तरी दुसऱ्या दिवशी आला की हा! आत कोणी घेईना, तर जुन्या रेघेवरून पळायचा, 'दे, दे' करत. एकाने पास दिला नाही."

"मग?"

"मग दिसायचा बंद झाला." म्हाताऱ्याने गाडी पुढे ढकलली. "यायचा बंद झाला का, ते मला विचारू नकोस."

हंगामाचा शेवटचा सामना. भिंगरी रेघेवरून निघाला, आणि आलीच हाक. बॉल पायातून सुटत होता गं, पण याने दात आवळून म्हटलं, "थांब की जरा! खेळ संपल्यावर देतो." आणि गर्रकन आत वळून बॉल असा उचलून दिला की पुढच्याने नुसतं डोकं लावलं. गोल! करार वाढला.

सगळे नाचत आत गेले. हा एकटा मागे राहिला, लख्ख उन्हात. बॉल जुन्या रेघेकडे हलकेच सरकवला. पिवळ्या पट्ट्यावर तो गपकन थांबला, कोणी पायाखाली दाबल्यासारखा. आणि परत आला. बरोब्बर याच्या डाव्या पायात.

तेव्हापासून दर सामन्यानंतर एक पास. खेळात हाक पुन्हा आली नाही.

यंदा गुडघा गेला, करारही गेला. आता पलंगावर पडून असतो, चहासुद्धा हातात द्यावा लागतो. मी दाराशीच बसते, तो उंबऱ्याबाहेर पडलेला नाही. पण त्याचे बूट बघून ये जा. टाचांना फक्की आहे ना? ओली? अगं, कालच मी स्वतः धुवून वाळत घातले होते. विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणतो, "आई, तो नवीन पोरगा पासच देत नाही गं."

म्हणून सांगते, हे लिहून झालं की डावीकडे खेळणाऱ्या त्या नव्या पोराला पोचव. म्हणावं, बाळा, खेळात देऊ नकोस, खुशाल 'थांब' म्हण. पण संपल्यावर विसरू नकोस. आणि आता एकाने भागायचं नाही, दोन पास दे.