सासूची घडी

वर्गात पोरं झोपली, म्हणून ताडकळसच्या एसटीत मी शेजारच्या मावशींनाच शिकवायला लागलो. बाजार उरकून त्या रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत होत्या.

"यीस्टच्या पेशीत एखादं प्रथिन वेगळीच घडी घेतं, मग बाकीच्यांनाही तशीच घ्यायला लावतं. डीएनए बदलत नाही, तरी गुण पुढच्या पिढीत उतरतो."

मावशी म्हणाल्या, "माही सासू अशी तिरपी घडी घालायची. तिचं बघून मला सवय लागली, आता सूनबी तशीच घालायली. रगत तिघींचं येगळं हाय."

मी, पीएचडीवाल्यानं, तिकिटाच्या मागं ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच सांगितलं. पोरं चक्क जागी राहिली. एकीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला सुचलं?"

मी हो म्हणालो, तेही नम्रपणे.