तिच्या हातची हळद

हळदीचा वास आला की वडूज-सातारा रस्ता आठवतो. कोरोनाचे दिवस. मागच्या सीटवर वडिलांना धाप लागलेली आणि पुढं रस्ताभर मेंढरं. मी चिडून हॉर्न दाबत राहिलो, तशी ती आणखीच एकमेकांना चिकटली. "आरं, हारन थांबीव, भ्याल्यात ती!" मेंढरांमागची म्हातारी धावत आली. तिनं एकच हाळी दिली आणि कळप मधोमध दुभंगला. वडिलांची धाप ऐकून तिनं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. "मावशी, कोरोना हाय, लांब सरा!" मी ओरडलो. "असू दे रं," म्हणत तिनं खिडकीतून हात घालून त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. चार दिवसांनी वडील साताऱ्याच्या दवाखान्यातच वारले. आम्ही घरचे त्यांच्याशी लांबूनच बोलत होतो. हातमोज्याशिवाय त्यांना शेवटचा हात लागला, तो तिचा.