टेलरबाईचा तोतया

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला टेलरबाईचं दुकान आहे. ती नवे कपडे शिवत नाही, फक्त दुरुस्ती करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या पोटासाठी शिलाई सोडणं आणि आजारपणानंतर तीच शिलाई परत आत घेणं. वय एक्कावन्न, चष्मे दोन, एक डोळ्यांवर आणि एक केसांत. नवरा लांबच्या मार्गावर बस चालवतो आणि रविवारी घरी दिसतो. उरलेले सहा दिवस दुकान, घर आणि आम्ही शेजारी तिच्या अमलाखाली असतो.

तिच्या कामाची एक रीत आहे. दुरुस्त केलेला कपडा उलटा करून पाहिला तरी मूळ शिलाई कुठली आणि तिची कुठली हे कळता कामा नये. त्यासाठी ती आधी मूळ शिलाई भिंगाखाली धरते. इंचात टाके किती, दोरा किती पदरी, टाका कुठल्या बाजूला कलतो, हे सगळं बघते आणि मगच मशीनला पाय लावते. माझं शिक्षण नन्सच्या शाळेत झालं, तिथे सहा वर्षं दर बुधवारी शिवणाचा तास असे. म्हणून अधिकारानं सांगते की तिच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. कधी चुकलंच तर ती निमूट उसवते आणि पुन्हा शिवते, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. तोंडानं ‘चुकलं’ म्हणण्याची वेळ तिनं स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती.

‘वावटळ’ ही मालिका तिच्याकडे सासूबाईंमुळे आली. नऊ वर्षांपूर्वी त्या अंथरुणाला खिळल्या. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट होती आणि पायथ्याशी टीव्ही. वावटळ म्हणजे वाऱ्याला हवं तिकडे वळवणारा, पाठीवर लांब केप सोडून उडणारा आणि गुंडांना उचलून उंच छपरावर नेऊन ठेवणारा वीर. दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक दर शुक्रवारी आठवड्याच्या गोळ्या स्वतः आणून देत. एकदा सासूबाई त्यांना म्हणाल्या, “बसा हो पाच मिनिटं, हा आता पुलावरून पडणार आहे.” ते बसले. तो काही पडला नाही. पुढच्या शुक्रवारी औषधवाले सातच्या आधीच हजर.

तिसऱ्या सीझनच्या मध्यावर सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या शुक्रवारी टेलरबाईनं टीव्ही लावला नव्हता. सातला पाच कमी असताना औषधवाले दारात येऊन उभे राहिले, हातात गोळ्यांची पिशवी नव्हती. “वहिनी,” ते म्हणाले, “पुढं काय झालं ते त्यांच्या वतीनं कोणीतरी बघायला हवं.” तिनं टीव्ही लावला. पुढे मी जाऊ लागले, माझी नात आली, मग समोरच्या शाळेतल्या खेळाच्या बाई आल्या. पाच खुर्च्या झाल्या. औषधवाल्यांची पुढची.

यंदाचा नववा सीझन शेवटचा, असं जाहीर झालं तेव्हा चाहत्यांचं जे काही झालं ते मी नातीच्या फोनवरून ऐकून वहीत उतरवलं आहे. एकानं तीन दिवस कामावर जायचं सोडलं. एक जण वाहिनीला रोज एक पत्र पाठवत होता आणि प्रत्येकाला क्रमांक घालत होता. कोणी स्वतःच चाळीस पानी शेवट लिहून ठेवला आणि ‘यापेक्षा चांगला करून दाखवा’ असं आव्हान दिलं. आमच्या खेळाच्या बाईंनी त्या दिवशी वर्गाला मैदानाच्या दोन फेऱ्या जास्त पळवलं. “कारण विचारलं नाही का मुलांनी?” मी विचारलं. “विचारलं. मग तिसरी फेरी दिली.”

आठव्या सीझनच्या शेवटी वावटळ समुद्रात पडला होता. नवव्यात तो परत आला. तिसऱ्या भागात तो खिडकीत पाठमोरा उभा राहिला आणि टेलरबाई एकदम म्हणाली, “थांबव.”

नातीनं चित्र थांबवलं.

“मोठं कर. केपची कड. खालची.” मग ती खुर्चीवरून उठून टीव्हीला नाक लावून उभी राहिली. “हा तो नव्हे. हा तोतया आहे.”

तिचं म्हणणं असं. पहिल्या सीझनमध्ये वावटळची आई ती केप हातानं शिवताना दाखवली होती. आई डावखुरी, त्यामुळे कडेचे टाके नेहमीच्या उलट बाजूला कललेले. आठ सीझन ते तसेच होते, टेलरबाईनं दर वेळी पाहिले होते. आता त्या कडेवर मशीनची सरळ टीप होती. म्हणजे खरा वावटळ अजून समुद्रात आणि हा त्याचं सोंग घेतलेला कोणी. पहिले सीझन मी मागाहून नातीच्या फोनवर पाहून वहीत उतरवले होते, त्यात तो भाग सापडला: ‘आई डाव्या हातानं शिवते.’ मी वाचून दाखवलं. टेलरबाईनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि बसली.

नातीनं तो फोटो लाल गोल काढून चाहत्यांच्या पानावर टाकला. दोन दिवसांत वीस हजार लोकांना तोतया पटला. लोक जुने भाग काढून कडा तपासू लागले. ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता ते तुरपाईवर वाद घालू लागले. दुसऱ्या गावाहून एक मुलगी स्वतःची केप घेऊन आली, “मला उलट्या टाक्यांची कड हवी,” म्हणून. टेलरबाईनं ती डाव्या हातानं घालून दिली.

फक्त औषधवाल्यांना ते पटलं नव्हतं. पाचव्या भागाच्या दिवशी ते म्हणाले, “वहिनी, त्या कंपनीतला शिंपी बदलला असेल, दुसरं काय.”

“शिंपी बदलला तरी नमुना समोर असतो ना, भाऊजी. बघूनच शिवणार तो.”

“सगळे शिंपी तुमच्यासारखे नसतात.”

आता वहीत वाचताना मला कळतं की ती स्तुती होती. तिला ती धंद्याची नालस्ती वाटली. ती ताडकन म्हणाली, “गोळ्या मोजून मोजून तुमची नजर बोथट झालीय. आईंना भलत्या ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्यात, त्या याच नजरेनं.”

ती गोष्ट खरी होती आणि सगळ्यांना माहीत होती, कारण औषधवाल्यांनीच ती सांगितली होती. एका शुक्रवारी चुकीची पट्टी दिली गेली. दुकानात परत पोहोचताच त्यांच्या लक्षात आलं. ते धापा टाकत उलट पावली आले आणि भर दारात, सगळ्यांसमोर म्हणाले, “थांबा, माझी चूक झाली.” सासूबाईंनी तोवर एकही गोळी घेतली नव्हती.

औषधवाले उठले. खुर्ची घडी करून भिंतीला लावली, मला “येतो, काकू,” म्हणाले आणि गेले. सहाव्या भागाला आले नाहीत. सातव्या, आठव्या, नवव्यालाही नाहीत. टेलरबाई दर शुक्रवारी खुर्ची उघडून ठेवायची आणि भाग संपला की मिटायची. “वाट बघतेय असं नाही,” ती म्हणायची, “पाय ठेवायला बरी पडते.” पाय तिनं एकदाही ठेवले नाहीत. शेवटचा भाग त्यांच्याशिवाय बघावा लागणार, ही धास्ती तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होती.

शेवटच्या भागाआधीच्या मंगळवारी मालिकेच्या कपडेपटाच्या प्रमुखाची मुलाखत आली. नात फोन घेऊन दुकानात धावली, तिच्यामागे जमेल तशी मी. तो गृहस्थ हसत हसत सांगत होता: जुन्या केप गोदामात पाणी शिरून खराब झाल्या, नव्या घाईत कारखान्यातून मागवल्या, इतक्या बारकाईनं कोणी बघेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

टेलरबाईनं मुलाखत दोनदा पाहिली.

“नमुना बघितला नाही त्यांनी,” ती म्हणाली. रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. “समोर नमुना असून बघितला नाही.”

तिची चूक खरं तर एवढीच होती. अख्खं जग आपल्याइतकंच निगुतीनं काम करतं, हे तिनं गृहीत धरलं होतं.

चाहत्यांनी मात्र तिला फाडून खाल्लं. ‘एका शिंपिणीनं वीस हजारांना मामा बनवलं,’ असं कोणी लिहिलं. कोणी कपडेपटावर उखडले, कोणी म्हणाले की आम्हाला तोतयाच हवा होता, मालिकेनं आता तो द्यावाच. नातीचा चेहरा उतरला. “मावशी, पोस्ट काढून टाकू?”

“राहू दे,” टेलरबाई म्हणाली. “मी बोलले ते मीच बोलले. आणि टीप होती की नव्हती कडेला? होती. मग?”

चाहत्यांचा प्रश्न तिच्या लेखी तिथे मिटला. औषधवाल्यांचा उरला. तिनं तो आपल्या रीतीनं सोडवायला घेतला. त्यांचा दुकानात घालायचा पांढरा कोट खिसा शिवायला तिच्याकडे पडून होता. बुधवारी तिनं खिसा शिवला, न सांगता विरलेली कॉलर उलटवून लावली, बाह्यांच्या झिजलेल्या कडा नव्या केल्या, सगळी बटणं काढून पक्की लावली. कोट नातीबरोबर पाठवला. नात परत आली.

“काय म्हणाले?”

“छान झालाय म्हणाले.”

“आणि?”

“आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं.”

गुरुवारी दुपारी मी खाली गेले तर मशीन बंद आणि ही हातात खडू घेऊन बसलेली.

“काकू, कोट नीट झाला होता ना?”

“कोटाला काय झालंय,” मी म्हटलं. “तुझ्या धंद्यात गुपचूप उसवून भागतं. त्यांच्या धंद्यात नाही भागत. तिथे चूक झाली की धावत जाऊन, तोंडानं, सगळ्यांदेखत सांगावी लागते, नाहीतर माणूस जातो. त्यांनी ती तशी सांगितली आणि तू तीच त्यांच्या तोंडावर फेकलीस. कोटाच्या कॉलरनं काय होणार?”

तिनं खडू खोक्यात ठेवला, खोकं बंद केलं.

शुक्रवारी सहा वाजता तिनं माझं दार वाजवलं. इस्त्रीची साडी, केसांत दुसरा चष्मा नाही. “चला. तुम्ही बरोबर हव्यात. उद्या मी बोललेच नाही असं मीच म्हणेन.”

औषधाच्या दुकानात चार माणसांची रांग होती. मला वाटलं ती बाजूनं पुढे जाईल. ती रांगेत उभी राहिली, ताठ, बँकेत सही करायला आल्यासारखी. औषधवाल्यांनी तिला पाहिलं आणि आपलं काम चालू ठेवलं. अंगात तोच कोट होता. तिचा नंबर येईपर्यंत मागे आणखी तिघं जमले.

“काय देऊ?” त्यांनी विचारलं.

“काही नको. तुमचं बरोबर होतं, शिंपीच बदलला होता. माझं चुकलं.” आवाज मुळीच खाली नव्हता, मागचा माणूस पुढे वाकून ऐकू लागला. “ते एक वेळ चालेल. पण आईंच्या गोळ्यांवरून बोलले ते चालणार नाही. तुम्ही तेव्हा धावत आलात म्हणून ती वेळ टळली. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, आज म्हणतेय.”

औषधवाल्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. काचेवर नसलेली धूळ पुसली.

“वहिनी, मागे लोक खोळंबलेत.”

“खोळंबू देत. त्यांनाही ऐकू दे.”

“ऐकलं आम्ही,” मागचा माणूस म्हणाला. “माफ करून टाका ना, मला डोळ्याचे थेंब हवेत.”

औषधवाले हसले तेव्हा त्यांचे खांदे हलले, आवाज आला नाही. “म्हणजे आज मला सातला दुकान बंद करावं लागणार.”

“पावणेसातला,” टेलरबाई म्हणाली. “पुढची खुर्ची हवी असेल तर.”

ते साडेसहालाच आले.

शेवटच्या भागात काय झालं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वावटळ शेवटचं वादळ अडवतो, त्यात त्याची शक्ती संपते, आणि तो साध्या माणसासारखा बसची वाट बघत उभा राहतो. पडदा काळा झाला. खेळाच्या बाई नाक शिंकरायला बाहेर गेल्या. नातीचा फोन थरथरत होता, अर्धे चाहते रडत होते आणि अर्धे लेखकाला कामावरून काढा म्हणत होते. पत्रं पाठवणाऱ्यानं आभाराचं शेवटचं पत्र टाकलं होतं, क्रमांक चौऱ्याण्णव.

“हा काय शेवट झाला?” टेलरबाई म्हणाली. “इतकी वर्षं उडणारा माणूस, त्याला बसथांब्यावर आणून उभा केला. माझ्या नवऱ्याची बस वेळेवर येत नाही, याची येणार आहे?”

“मला शेवट बरोबर वाटला,” औषधवाले म्हणाले.

“तुम्हाला काय...” तिचं वाक्य तिथेच थांबलं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला, आणि आपली खुर्ची वळवून त्यांच्यासमोर घेतली.

“का बरोबर वाटला? सांगा.”

आठ वाजून दोन मिनिटांनी ते बोलायला लागले आणि आठ बेचाळीसपर्यंत बोलत होते. टेलरबाईनं मध्ये दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. खेळाच्या बाईंनी मोजलं, मी लिहून घेतलं.