नळी तापवल्यावर

"भात लावणं वेगळं आणि रंग लावणं वेगळं," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये कुणीतरी म्हणालं आणि आत हशा पिकला. मी दाराबाहेर होते. मीही हसले – कुणाला ऐकू जाणार नाही इतपत. गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि हसणं तर त्यातलं सगळ्यात लहान.

बोलणं वैशालीबद्दल होतं. टाकव्याची, शेतकऱ्याच्या घरातली. तळेगावच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकाच कामावर होतो. डीएनएच्या घडी घातलेल्या धाग्यावर दोन चमकणारे रंग बसवायचे, एक हिरवा, एक तांबडा. अंतर नेमकं साधलं की हिरवा आपली ऊर्जा तांबड्याला देतो आणि तांबडा चमकतो. कोणता रंग कुठे, ते संगणकावर मी ठरवायचे. धाग्याला जोडायची ती.

तिच्या नळीत काहीच चमकलं नाही. हिने रंग नीट जोडलेच नसणार, असं सगळ्यांनी धरलं. तिच्या नोकरीची मुदत वाढणार की नाही, ते याच कामावर होतं. "मी जोडलेत गं, खरंच," ती मला म्हणाली. मलाच का? मी कुणाला दुखवत नाही, असं तिला वाटायचं.

पण दोन रंग एकमेकांना अगदी चिकटले, तर दोन्ही विझतात. रंग नसल्यासारखंच दिसतं. ओळखायची रीत सोपी आहे – नळी तापवायची. घडी उलगडते, रंग एकमेकांपासून दूर जातात, आणि असतील तर उजळतात.

सगळे जेवायला गेल्यावर मी ती नळी यंत्रात ठेवली. तिच्यासाठी? की माझी भीती खोटी ठरावी म्हणून? पडद्यावरची रेघ चढत गेली. चढतच गेली. रंग होते – दोन्ही. त्यांच्या जागा ठरवताना मी चुकले होते.

मी ते मोजमाप पुसून टाकलं. नळी रिकामी केली. मॅडमनी विचारलं तेव्हा गप्प राहिले – एरवीही मी गप्पच असते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. वैशालीची मुदत वाढली नाही. ती गेल्यावर मी जागा बदलल्या, रंग स्वतः जोडले, आणि नळी चमकली. माझं कौतुक झालं. मी ते घेतलं.

गेल्या रविवारी लोणावळ्याच्या माझ्या घरून टाकव्याला गेले. वैशाली ओट्यावर शेंगा सोलत होती. तिच्या आईने पाणी दिलं. "बस की गं, लाजतीस काय! आमच्या पोरीला न्हाई जमलं त्ये काम. तुला मातुर जमलं बग."

वैशालीने मान वर केली नाही.

"मावशी, तिला जमलं होतं," मी म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "वैशाली, तुझी नळी मी तापवून पाहिली होती. ती उजळली होती. मी ते पुसून टाकलं."