शेजारी बसवायचं लायसन

आमच्या गावात गाडी चालवणारे पुष्कळ, लायसनवाले थोडे. त्यामुळं रीतच पडलीय: ज्याला गाडी येते त्यानं चालवायची आणि लायसनवाल्याला शेजारी बसवायचं. पोलीस दिसला की जागा बदलायच्या. असा शेजारी बसून मी सोनपेठ, पाथरी, पार परभणीपर्यंत फिरलोय. चहा-भजी गाडीवाल्याकडं. लोक आदबीनं विचारायचे, "उद्या लायसन म्हणून येता का?" मीही जरा आढेवेढे घ्यायचो.

मला गाडी येत नव्हती. लायसनच्या परीक्षेला ट्रेनिंगच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक होते. स्टेअरिंग मी फिरवलं, पास त्याचे पाय झाले. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

पुतणीचा बारावीचा इंग्रजीचा पेपर होता, दुसऱ्या बारीचा. भावानं तिला बजावलं होतं, "औंदा राह्यलीस तर पुस्तकं बंद, स्थळं चालू." तो आणि वहिनी आदल्या दिवशीच वऱ्हाडाच्या गाडीनं सोनपेठकडं लग्नाला गेलेले. पोरीला एसटीनं पाथरीच्या केंद्रावर पोचवायचं काम माझ्याकडं.

एसटी आलीच नाही. लग्नतिथी दाट, काळ्या-पिवळ्या जीपा सगळ्या वऱ्हाडाला गेलेल्या. भावाची जीप तेवढी दारात उभी.

"काका, जीप काढा."

"मी?"

"लायसन हाय की तुमच्याकडं!"

मी घसा खाकरला. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि खुंटीवरची किल्ली स्वतःच काढली. मतदानाचं वय झालेली पोरगी. शेतात ट्रॅक्टर तीच हाकते.

"बसा शेजारी."

गाडी तिनं झकास पळवली. तोंडानं निबंध चालू, हात स्टेअरिंगवर. मी मधूनमधून "समोर बघ" म्हणत होतो, काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

पाथरीत शिरताना चौकात खाकी दिसली. मी म्हणालो, "थांब. सरक इकडं."

"कशाला काका? मी जाते की हळूहळू."

"धरलं तर पेपर जाईल. सरक!"

जागा बदलल्या. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की आजवर जागा बदलल्यावर गाडी उभीच असायची. आज ती पुढं न्यायची होती.

क्लच सोडला. जीप बेडकासारखी दोन उड्या मारून चौकाच्या मधोमध आडवी बंद पडली. सेल मारला, परत उडी, परत बंद. मागं भोंगे सुरू. आरशात बघितलं तर एसटी. पाटी आमच्याच गावावरून येणाऱ्या गाडीची.

"काका, गेट ओढायलेत!" समोर शाळेच्या फाटकाशी शिपाई उभा होता.

"पळ!"

तिनं उडी टाकली आणि धूम ठोकली. पोलीस माझ्या खिडकीशी आला.

"ती पोरगी का पळाली?"

"पेपर हाय तिचा. ड्रायव्हर हाय ती."

"आन् तुमी कोण?"

"मी लायसन."

त्यानं ते मागून घेतलं, पालथं घालून बघितलं. "फोटो तर तुमचाच हाय. घ्या मग गाडी बाजूला."

मी खाली उतरलो. चार जणांनी जीप ढकलून लिंबाखाली लावली आणि किल्ली पोलिसाच्या खिशात गेली. "चालवणारा आना, मग न्या."

एवढ्या गडबडीत फाटक बंद झालं होतं. ती आत गेली का बाहेर राहिली, मला दिसलंच नाही. भावाला फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"पोचली का?"

"गेटापर्यंत."

"म्हंजे?"

मी फोन ठेवला. बाहेर राहिली असेल तर रडत इकडंच येणार. रस्त्यावर ओढणी दिसली की मी जीपच्या आड सरकायचो. पेपर चालू झाल्याची घंटा झाली. कुणी आलं नाही. कुणी न आल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. तरी लिंबाखालून उठायचा धीर होईना.

पेपर सुटल्यावर ती आली, बोटं शाईनं निळी.

"कसा गेला?"

"सोपा होता. काका, दुसऱ्या गिअरमधी उठवायलता का?"

"मला काय माहीत कितव्यात होती!"

तेवढ्यात भाऊ आला, लग्नातला फेटा तसाच डोक्यावर. पोरीची बोटं बघून त्यानं श्वास सोडला आणि लायसन दाखवून किल्ली घेतली. सवयीनं मी शेजारचं दार उघडलं.

"तिथं ती बसंल," भाऊ म्हणाला. "तू मागं."