मुलुंडची मशीन

मालनताई सरतापे घाटकोपरला आमच्या शेजारी राहायची. शिवण मी तिच्याकडेच शिकले. काजं करता करता तिनं ही गोष्ट मला कितीदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी मुलुंडचं नाव आलं की तिचा आवाज चढायचाच.

शहाऐंशी सालची गोष्ट. तिच्याकडे साधी पायमशीन होती. ब्लाउज, परकर त्यावर झकास व्हायचे. पण तोवर घरोघरी होजियरीचे कपडे आले होते. हे कापड ताणलं की सरळ टाका तटकन तुटायचा. गिऱ्हाईक कपडा परत आणून आपटायचं. तिला झिगझॅगची, म्हणजे नागमोडी टाका घालणारी मशीन हवी होती. नव्या हलक्या मशिनींच्या पोटात प्लास्टिकची चाकं असतात आणि ती लवकर झिजतात, हे तिनं मैत्रिणींकडे पाहिलं होतं. म्हणून जुनी, पण आतून सगळी लोखंडी मशीन शोधायची, असं ठरलं.

आधी ती नवऱ्याबरोबर कुर्ल्याच्या एका दुकानात गेली. धोंडिरामभाऊ विक्रोळीला कारखान्यात होते. दुकानदार पहिल्यापासून त्यांच्याशीच बोलायला लागला. “साहेब, जपानी माल आहे. डोळे झाकून घ्या.”

“डोळे झाकून कशाला?” मालनताई म्हणाली. “खालचं झाकण उघडा, बघू द्या.”

“वहिनी, ते मेकॅनिकचं काम. तुम्ही रंग बघा.”

“चालवणार ती आहे,” धोंडिरामभाऊ म्हणाले. “तिच्याशी बोला ना.”

दुकानदार नुसता हसला आणि पुन्हा त्यांच्याकडेच वळला. मालनताईनं हातानं चाक फिरवून पाहिलं. प्रत्येक फेऱ्यात ते एका ठिकाणी अडत होतं. स्क्रूच्या खाचासुद्धा नव्या रंगानं बुजल्या होत्या. “मढ्याला पावडर लावून बसवलंय,” असं त्याच्या तोंडावर म्हणून ती पायऱ्या उतरली.

मग जानकीनं मुलुंडचा पत्ता दिला. जानकी आमच्याच चाळीतली, मालवणकडची. तिची मावशी मुलुंडला ज्या इमारतीत राहायची, तिथल्याच वनमालाबाईंना सासूची जुनी मशीन काढून टाकायची होती. दिरानं बोटीवरून आणलेली, फारशी न वापरलेली.

मालनताई धोंडिरामभाऊंना घेऊन तिथं गेली, पिशवीत चिंध्या होत्याच. होजियरी, टेरिकॉट, जाड खादी, सगळं. तिनं चाक फिरवलं, तर लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. झिगझॅगची पट्टी रुंद केली, अरुंद केली. सुई डावी-उजवी सारखी झुलली. होजियरी शिवून दोन्ही हातांनी ताणली. टाका तुटला नाही. उलट बाजूनंही तसाच, एकसारखा.

“घेतली!” ती म्हणाली. वनमालाबाईही खूश झाल्या. भाव ठरला. चहा आला.

“आडनाव काय म्हणालात?” बाईंनी विचारलं.

“सरतापे. साताऱ्याकडचे आम्ही.”

“सरतापे म्हणजे... कुणातले?”

“बौद्ध,” मालनताई म्हणाली.

बाई मशीनवर हात फिरवत म्हणाल्या, “काय आहे ना, सासूबाईंची आठवण आहे ही. विकू नये असं वाटतंय आता.”

“आत्ता चहा टाकेपर्यंत तर वाटत नव्हतं.”

“अहो, घरातलं माणूस गेलं की...”

“चला,” धोंडिरामभाऊ हळूच म्हणाले. पण मालनताई उठली नाही. तिनं आपल्या चिंध्या एकेक करून गोळा केल्या, सुईतला दोरा काढला, आणि मग म्हणाली, “नाही विकायची तर नका विकू, बाई. मशीन तुमची आहे. पण मेलेल्या सासूच्या नावावर खोटं घालू नका.”

खाली रस्त्यावर आल्यावर भाऊ रिक्षा बघायला लागले, तर ती म्हणाली, “स्टेशनपर्यंत चालत जाऊ. बसले तर रडेन मी.”

आठवडाही झाला नाही, तोच जानकी धावत आली. “अगं मालन, ती बाई अजून मशीन विकतेय! मावशीला म्हणाली, कुणी चांगलं गिऱ्हाईक बघा. मी घेते माझ्या नावानं, नि आणून देते तुला. तिला काय कळतंय?”

“मला कळतंय ना.”

“डोक्यावर पडलीस काय गं? मशीनचा काय दोष?”

“मशीनचा नाही. पण माझ्या नावानं मिळत नाही, ते दुसऱ्याच्या पदराआडून घरात आणू? रोज त्यावर पाय ठेवून बसू?”

“ताठ्यानं पोट भरत नाही!”

“तुला हा ताठा दिसतो? आडनाव सांगितल्यावर तुझ्या हातातलं कुणी काढून घेतलंय का गं कधी?”

जानकी फणकाऱ्यानं गेली आणि बरेच दिवस मालनताईकडे फिरकली नाही.

शेवटी मशीन मिळाली ती अंधेरीला. काशीराम म्हणून एक म्हातारे शिंपी गावी परतणार होते, त्यांची. रंग उडालेली, धड कुणाला उचलवणार नाही इतकी जड. झिगझॅगचा दांडा तर हलेचना. मालनताईनं झाकण उघडायला सांगितलं, त्यांनी लगेच उघडून दिलं. आत सगळं लोखंड होतं, फक्त तेल वाळून गोंद झालं होतं. तिनं रॉकेलचे थेंब सोडले, सबुरीनं दांडा मागे-पुढे केला. सुई अडखळत झुलायला लागली. काशीराम म्हणाले, “बाई, खरं सांगतो, ही आवाज फार करते. पण दगा नाही देणार.”

आवाज ती खरंच करायची. अख्ख्या चाळीला कळायचं, मालनताई कामाला बसली म्हणून. पण होजियरी शिवायची, आणि कपडे परत येणं थांबलं. जानकीही पुढे पोरांचे बनियन घेऊन आली, दारातच उभी राहिली. मालनताईनं तिच्या हातातून ते घेतले.

मी एकदा विचारलं, “मालनताई, हीच बरी निघाली ना शेवटी?”

ती माझ्यावरच उखडली. “बरी कसली? मुलुंडची हिच्यापेक्षा शंभर पटीनं सरस होती. मी पारखून घेतली होती ती! मनाची समजूत घालायला तिला नावं ठेवू काय?”